सुलट हात, थोडी खुंटं

अंगावरचे केस काढावेत की ठेवावेत, हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न. त्यात मी पडत नाही. पण ते काढल्यावर कातडी लाल होते, आग होते, दोन दिवसांनी पुटकुळ्या उठतात, तेव्हा बोल लावला जातो तो ब्लेडला किंवा साबणाला. माझ्या मते खरा दोष आपल्या हव्यासाचा आहे. बोट फिरवल्यावर काहीच लागू नये इतकं तुळतुळीत हवं, म्हणून आपण त्याच जागेवरून चारदा पातं ओढतो, आणि केस केव्हाच गेलेले असताना कातडीच खरवडत बसतो. हे ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत. ते किती महागात पडतात, हे शस्त्रक्रियांच्या नोंदींवरून कळतं. १९७१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शस्त्रक्रियेआधी वस्तऱ्याने केस काढलेल्या रुग्णांपैकी ५.६ टक्के जणांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला; केस न काढलेल्या किंवा केस काढायची क्रीम लावलेल्या रुग्णांत हेच प्रमाण ०.६ टक्के होतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये शस्त्रक्रियेआधीच्या वस्तऱ्याला ठाम नकार दिला आणि केस काढावेच लागले तर क्लिपर वापरा, असं सांगितलं.

कुणी म्हणेल, मग तीन-तीन, पाच-पाच पात्यांची रेझर कशाला आली? त्यांची करामत अशी, की पहिलं पातं केस जरा वर ओढतं आणि तो मागे सरकण्याआधी पुढचं पातं त्याला कापतं. तुटलेलं टोक कातडीच्या खाली जातं. पोटरीवरच्या सरळ केसांना हे सहसा चालून जातं. काखेतला, जांघेतला राठ, कुरळा केस मात्र वाढताना वळतो आणि आपल्याच तीक्ष्ण टोकाने कातडीत घुसतो. केसाच्या मुळाशी येणाऱ्या फोडाला आपण केसतोड म्हणतो. कारण नावातच सांगून ठेवलंय. अशा जागी एका पात्याचं साधं रेझर किंवा क्लिपर बरं.

बाकी सगळं काम पाण्याचं. कोरडा केस चिवट असतो. पाणी प्यायला की फुगतो, मऊ पडतो. म्हणून केस काढायचे ते आंघोळीच्या शेवटी, भरपूर फेस लावून. पातं केसाच्या वळणाने, म्हणजे सुलट, आणि अजिबात न दाबता फिरवावं. काखेत केस दोन-तीन दिशांना वळलेले असतात, तेव्हा आधी बोटांनी चाचपावं. दाबावं लागतंय म्हणजे पातं बोथट झालंय. केसापेक्षा पोलाद सुमारे पन्नास पट कठीण, तरी केस कापताना त्याच्या धारेचे कपचे उडतात, असं एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं. सुलट हाताने खुंटं राहतात, हा आक्षेप खरा आहे. ती राहू द्यावीत. वारंवार काढल्याने केस दाट येतात ही भीती मात्र संशोधक मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच मोजमाप करून खोडली होती. कापलेलं टोक निमुळतं नसतं, म्हणून हाताला राठ लागतं, इतकंच. तुरटीने बारीक कापल्याचं रक्त थांबतं, पण खरवडलेला थर भरून येत नाही. त्याला बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर आणि दोन-चार दिवसांची विश्रांती लागते. आणि केसतोड पिकली असेल, तर तिथे पातं लावू नका. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.