ऐकू न येणे : कारणे व उपाय



चष्म्याला कोणी हसत नाही; कानाच्या यंत्राचा मात्र घरोघर संकोच. त्यापायी कित्येक वडीलधारी माणसे भजनाला, बैठकीला येईनाशी होतात आणि घरचे म्हणतात, "आजोबा हल्ली विक्षिप्त झालेत." त्यांना नीट ऐकू येत नसते, इतकेच.

बहिरेपणाचे ठोकळ मानाने दोन प्रकार. पहिल्यात आवाज वाटेवरच अडतो : मळ घट्ट बसतो, कान वाहतो, पडद्याला भोक पडते, किंवा पडद्यामागील तीन चिमुकल्या हाडांपैकी शेवटचे, रिकिबीच्या आकाराचे हाड आखडते. हे पुष्कळदा बरे होते. पडद्याला ठिगळ लावता येते. आखडलेल्या हाडाच्या जागी कृत्रिम हाड बसविण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत डॉ. जॉन शे यांनी १९५६ साली केली. आज ती आपल्याकडेही होते. आगकाडी, हेअरपिन व कढत तेल यांचे घरगुती प्रयोग मात्र कृपा करून बंद करा.

दुसऱ्या प्रकारात आतल्या शंखातील केसाळ पेशी किंवा नस निकामी होते. या पेशी एका कानात सुमारे १५,००० असतात व मेल्यावर पुन्हा उगवत नाहीत. वाढते वय, कारखान्यातील खडखडाट, मिरवणुकीतील कर्णे (उत्सवप्रिय मंडळींनी क्षमा करावी), स्ट्रेप्टोमायसीन, जेंटामायसीन यांसारखी काही औषधे ही त्याची कारणे. येथे बहुधा यंत्राचाच आधार. पण एका रात्रीत कान बंद पडला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. काही आठवडे गेले की औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

सर्वांत घाई तान्ह्या मुलाची. "त्याचा बापही उशिराच बोलला," असे म्हणता म्हणता दोन-तीन वर्षे जातात, आणि भाषा येण्याची वर्षे नेमकी तीच. नवजात बालकाच्या कानाची तपासणी थोड्या वेळात, मुळीच न दुखता होते. गर्भारपणी आईला रुबेला झाला असेल किंवा बाळाला जन्मतः जबर कावीळ झाली असेल, तर ती चुकवूच नये. यंत्राने न भागल्यास शंखात बारीक विद्युत्‌तार बसवितात, तीच कॉक्लिअर इम्प्लांट. शस्त्रक्रिया खर्चाची आहे. पण गरजू घरच्या लहान मुलांसाठी केंद्र सरकारचे साहाय्य मिळते. म्हैसूरला १९६५ साली व मुंबईस वांद्र्याला १९८३ साली निघालेल्या राष्ट्रीय संस्थांत तपासणी व वाचाशिक्षण दोन्ही होते. बाळाला तेथे नेताना आजीलाही न्यावे. घरी त्याच्याशी दिवसभर बोलणार आहे ती तीच.