दान नव्हे, भांडवल
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपले मंडळ दरसाल अडलेल्या कुटुंबांस साहाय्य करते. हे कार्य स्तुत्य आहेच. परंतु मदत सरते आणि तेच कुटुंब पुन्हा दाराशी येते, हेही आपण पाहतो.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात ७ भगिनींनी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास प्रारंभ केला. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी ४ पुडे झाले. तोटा आला तरी देणगी घ्यावयाची नाही, हा त्यांचा निर्धार होता. तीच संस्था 'श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड' या नावाने पुढे हजारो भगिनींचा आधार झाली. केंद्रावरून मळलेले पीठ न्यावे, घरी पापड लाटून दुसऱ्या दिवशी पोहोचते करावे आणि मजुरी घ्यावी, अशी तिची रीत. नफ्यातोट्यातही प्रत्येकीचा वाटा. संस्थापिकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

यावरून आम्हांस असे सुचवावेसे वाटते की, मंडळाने निधीचा काही भाग होतकरू तरुणांस व भगिनींस बिनव्याजी कर्जाऊ द्यावा. परत आलेली रक्कम पुढच्या गरजूस मिळावी. मात्र केवळ पैशाने हे साधणार नाही. दुकान घालणाऱ्या तरुणास मुलगी देताना आपण कचरतो, सुनेने चार पैसे मिळविले तर आपणांस कमीपणा वाटतो. ही वृत्ती प्रथम आपल्याच घरातून जावयास हवी. तसे झाले तरच आज साहाय्य घेणारा हात उद्या निधीत भर घालील.