पीळ आणि ढील



हुबळीच्या कमरीपेठेत माझे बिऱ्हाड आहे, आणि घाट उतरून कारवारकडे गेल्याखेरीज येथून समुद्र दिसत नाही. तेव्हा मासेमारीच्या दोरीविषयी मी बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. पण मी मूळचा वसईकडचा, कोळ्याच्या घरातला. मास्तरकीने मला इकडे आणले. रविवारी मिस्सा आटोपली की कधी कधी मी उणकलच्या तळ्याकाठी जाऊन बसतो. तेथे गळ टाकून बसणारी मंडळी असतात. त्यांच्यात माझ्याच वर्गातला एक मुलगा मला अलीकडे भेटला. त्याच्या मांडीवर तंगुसाचा असा गुंता पडला होता की, पाखराचे घरटेच म्हणावे.

"सर, मोठा मासा लागला, त्याने गुंतवली," असे तो म्हणाला. मला ते पटले नाही. त्याची दोरी एका डब्याला गुंडाळलेली होती. टाकताना तो डबा स्थिर धरी आणि वेढे डब्याच्या तोंडावरून सुटू देई. ओढून घेताना मात्र डबा फिरवून गुंडाळी. असे केले की दर वेढ्यामागे दोरीत एक पीळ राहतो. शंभर वेढे म्हणजे शंभर पीळ. ताण आहे तोवर हा पीळ दिसत नाही. दोरी जरा ढिली पडली की ती स्वतःभोवतीच वळते, तिला अढी पडते, आणि अढीतून अढी निघत जाते. माशाने केले ते एवढेच, की क्षणभर ओढ सोडली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. नायलॉनचेही तसेच आहे, ते जळेपर्यंत थांबायचीही गरज नाही.

हाच प्रश्न माझ्यापुढे दुसऱ्या एका दिशेने आला होता, म्हणून आजचे हे भाषण.

माझे थोरले बंधू तरुणपणी पुष्कळ गळांची लांब दोरी घेऊन समुद्रात जात. दोरी टोपलीत चक्राकार ठेवायची, गळ टोपलीच्या काठाला ओळीने अडकवायचे, आणि होडी चालू असता एकेक गळ मोकळा करीत दोरी सोडायची. एका पहाटे एक वेढा दुसऱ्याखाली सापडला. तो सोडवायला बंधूंनी हात घातला आणि फास बोटावर बसला. खाली वजन गेलेले, होडी पुढे चाललेली. सुरी फळ्यांखाली ठेवली होती. ती सापडेपर्यंत डाव्या हाताच्या मधल्या बोटाची दोन पेरे गेली. त्यानंतर त्यांनी जाळी विणली, जाळी दुरुस्त केली. गळाच्या दोरीला मात्र पुन्हा हात लावला नाही.

त्यांचा मुलगा कॅनडात टोरांटोला नोकरी करतो. तेथल्या ऑन्टारिओ सरोवरात साल्मन मासे आहेत. हे मासे मूळचे पॅसिफिक महासागराकडचे. 1966 साली मिशिगन राज्याने कोहो जातीची पिल्ले मिशिगन सरोवराच्या उपनद्यांत सोडली. पुढे ऑन्टारिओ सरोवरातही साल्मन सोडले गेले. उन्हाळ्यात वरचे पाणी तापते आणि हा मासा खालच्या थंड थरात उतरतो. तेथपर्यंत आमिष न्यायचे आणि होडीही चालू ठेवायची, यासाठी डाउनरिगर नावाचे साधन वापरतात. एका चाकावर पोलादी तार, तिच्या टोकाला चारपाच किलोंचा शिशाचा गोळा. गळाची दोरी त्या गोळ्याजवळ चिमट्यात धरलेली असते. गोळा दोरीला खाली नेतो. मासा लागला की चिमटा सुटतो, आणि वजनाचा भार न राहता माणूस आणि मासा समोरासमोर येतात.

गेल्या वर्षी पुतण्याने वडिलांना तिकडे बोलावले. बंधूंनी फोनवर विचारले, "तुझ्या होडीत दोऱ्या किती?" "चार." "मग मी काठावर बसेन." पुतण्याने मला गळ घातली: काका, तुम्ही त्यांना समजवा. मी म्हटले, आधी तू मला समजव.

त्याने सांगितले ते मला फार विचारपूर्वक वाटले. आमिष प्रथम होडीच्या कडेला पाण्यात धरून पाहायचे. ते डोलत चालले तर ठीक. गरगर फिरू लागले तर दोरीला पीळ भरणार हे निश्चित. मध्ये एक फिरकी बांधली तर पुष्कळसा पीळ तिच्यात निघतो, पण भिंगरीसारख्या फिरणाऱ्या आमिषापुढे तिचाही इलाज चालत नाही. गोळा सोडताना होडी माणसाच्या चालीने पुढे जात असलीच पाहिजे, आणि गोळा सावकाश उतरला पाहिजे. घाईने सोडला तर मागची दोरी ढिली पडते आणि आमिष येऊन तारेला वेढा घालते. म्हणून दोरीच्या चाकाला अगदी थोडी अटक ठेवतात. दोरी सुटते, पण फुकट सुटत नाही.

चार दोऱ्यांची मांडणी हा खरा कसबाचा भाग. खोल जाणाऱ्या दोरीचे आमिष गोळ्यामागे थोड्या अंतरावर, आणि उथळ दोरीचे पुष्कळ मागे. म्हणजे एकीची वाट दुसरीच्या वरून जाते. वळण घेताना आतल्या बाजूची आमिषे मंदावून खाली जातात, बाहेरची वेग घेऊन वर येतात. वळण आखूड घेतले तर गोळे होडीखाली एकमेकांकडे झुलतात आणि तारांची गाठ पडते. तेव्हा वळण बैलगाडीसारखे, मैदान मोठे घेऊन. खोल पाण्यात प्रवाह वरच्यापेक्षा निराळ्या दिशेचा असू शकतो. तार कोणत्या बाजूला कलते आहे, तेथे नजर हवी. मासा लागला की चिमटा सुटताच आलेली ढील झटपट गुंडाळायची, आणि गोळा वर घ्यायचा. मासा मोठा असेल तर शेजारच्या दोऱ्याही काढून घ्यायच्या. एका माशासाठी तीन दोऱ्या रिकाम्या आणणे नवशिक्याच्या जिवावर येते.

आणि पीळ भरलाच तर? आमिष व गळ काढून नुसती दोरी चालत्या होडीमागे लांब सोडायची. पाणीच तिचा पीळ काढते. उणकलला आमच्याजवळ होडी नव्हती. तेथे त्या मुलाला मी दोरीचे टोक झाडाला बांधून, चालत जाऊन, सगळी मोकळी करायला लावली. डबा हातात फिरवीतच सोडायचा, हेही शिकवले. जो तुकडा सुटेना तो कापून मी खिशात घातला. काठावर टाकलेला तंगूस कुजत नाही, आणि बगळ्याच्या पायाला फास कळत नाही.

हे सारे मी बंधूंना कळवले. ते ऐकून घेत होते, मधूनच "गोळा उतरताना हात कुठे असतो?" असे विचारीत. गोळा चाकाच्या दांड्याने उतरतो, दोरीला हात लावावा लागत नाही, असे सांगितल्यावर बराच वेळ फोनवर काही बोलणे झाले नाही.

ऑगस्टमध्ये ते गेले. पुतण्या सांगतो, धक्क्यावरून होडीत पाऊल ठेवताच त्यांनी पहिला प्रश्न केला, "सुरी कुठे आहे?" त्याने सामानाची पेटी दाखवली. बंधूंनी ती उघडली, सुरी काढली, सुकाणूशेजारच्या खांबाला हाताच्या उंचीवर बांधली, आणि मगच ते बसले.