परदेशातून गाडी मागवण्याआधी

आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, कस्टमचं आणि आपलं काय? पण आपल्या गटांत कितीतरी जणींचे दीर, भाऊ, मुलं दुबई-मस्कतला कामाला आहेत. घरात पायाने अधू माणूस असलं की तिकडून फोन येतो, "इथे बॅटरीवर चालणारी छान गाडी मिळते, आईसाठी पाठवतो." पैसे कमी पडले की कर्जाचा अर्ज येतो तो आपल्याच गटाकडे. म्हणून अर्जावर सही करण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

परदेशातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला कस्टमच्या पुस्तकात एक नंबर असतो. नंबरावर कर ठरतो. दिव्यांग व्यक्तींसाठीच्या गाड्यांचा नंबर आहे 8713. हाताने ढकलायची चाकाची खुर्ची असो की मोटर लावलेली, दोन्ही यातच. आपल्याकडे या नंबराखालच्या वस्तूंवर जीएसटी 5 टक्के आहे, आणि कस्टमच्या सवलतीच्या यादीत व्हीलचेअरचं नाव आहे. मोटारगाड्यांचा नंबर मात्र 8703. तिथे कर कितीतरी जास्त.

आता अडचण येते ती हँडल आणि सीट असलेल्या बॅटरीच्या छोट्या स्कूटरची. ती दिव्यांगांची गाडी म्हणायची की मोटारगाडी? यावरून युरोपात मोठा वाद झाला. इंग्लंडमधल्या आयातदारांकडून अशा स्कूटरवर 10 टक्के कर मागितला गेला. दिव्यांगांची गाडी ठरली असती तर काहीच लागला नसता. प्रकरण युरोपियन न्यायालयात गेलं. 2016 मध्ये न्यायालयाने सांगितलं की गाडी दिव्यांगांसाठी बनवलेली आहे का, ते पाहा. धडधाकट माणूसही तिच्यावर बसू शकतो, एवढ्यावरून ती मोटारगाडी ठरत नाही. हा निकाल आपल्याकडे लागू नाही, पण वाद कशावरून होतो ते यावरून कळतं. म्हणून दुकानदाराने बिलावर नुसतं 'इलेक्ट्रिक स्कूटर' लिहिलं तर चालायचं नाही. वस्तूचं पूर्ण वर्णन आणि नंबर बिलावर हवाच. आणि कराचे दर दर अर्थसंकल्पात बदलू शकतात, तेव्हा माल निघण्याआधी कुरिअर कंपनीकडून किंवा कस्टम एजंटकडून आकडा लेखी घ्या.

"अगं, भेट म्हणून पाठवली की कर लागत नाही," असं अजूनही सांगतात. ते जुनं झालं. डिसेंबर 2019 पासून पोस्टाने किंवा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची ती सवलत बंद आहे. राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढीच सुटली. बाकी भेट असली तरी पूर्ण कर भरूनच सुटते.

मग येताना सामानात आणली तर? खुर्ची वापरणारी व्यक्ती स्वतः प्रवासात असेल तर विमान कंपनी तिची खुर्ची वेगळं भाडं न घेता आणते. बॅटरीची असेल तर तिकीट काढतानाच सांगावं लागतं, कारण लिथियम बॅटरीचे नियम कडक आहेत. पण मोटार वाहन मात्र सामानात आणता येत नाही. सीमाशुल्क कायद्यात, तोही 1962 सालचा, प्रवाशाच्या सामानातून मोटार वाहन स्पष्ट वगळलंय.

आता ज्याची आम्हाला खरी काळजी वाटते ते. फोन येतो, "तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, आत्ता पंधरा हजार भरा, नाहीतर केस होईल." पार्सल येणार हे घरच्यांना माहीत असतं, म्हणून विश्वास बसतो. बायांनो, कस्टमचा अधिकारी फोन करून कुणाच्या खाजगी खात्यात किंवा मोबाईल नंबरवर पैसे मागत नाही. पोस्टाने आलेल्या पार्सलचा कर पोस्टातच पावती घेऊन भरायचा असतो, कुरिअरचा कंपनीच्या बिलाने. कस्टमच्या खऱ्या पत्रावर 'डिन' नावाचा क्रमांक असतो, तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता लगेच 1930 ला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम थांबवली जाण्याची शक्यता जास्त. गटाचे पैसे असतील तर अध्यक्षबाईंनीच फोन लावावा, नवऱ्याला विचारून सांगते म्हणत बसू नये.

एवढं करून गाडी दारात आली तरी आमचा एक प्रश्न राहतोच. कंट्रोलर बिघडला तर तालुक्याला कोण दुरुस्त करणार? बॅटरी कुठून आणणार? छोट्या चाकांची गाडी आपल्या पाणंदीत, पावसाळ्यात किती चालेल? परदेशातली गाडी गुळगुळीत फरशीवर फिरवायला बनवलेली असते.

म्हणून आधी इथलं बघा. कानपूरला ॲलिम्को नावाचा सरकारी कारखाना आहे, 1972 सालचा. तिथे तीनचाकी सायकली, बॅटरीच्या तीनचाकी, खुर्च्या बनतात. केंद्राच्या एडिप योजनेतून त्या शिबिरांत मिळतात. किमान 40 टक्के दिव्यांगत्व, उत्पन्नाचा दाखला, आणि तीच वस्तू गेल्या 3 वर्षांत सरकारकडून घेतलेली नसावी. बॅटरीच्या गाडीला अटी जास्त आहेत. त्यासाठी यूडीआयडी कार्ड काढून ठेवा, जिल्हा रुग्णालयाच्या तपासणीत वेळ जातो.

आणि एक हक्क, जो फार थोड्या गावांत विचारला जातो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. यंदा ती किती जमली, कशावर गेली, हे ग्रामसभेत विचारता येतं. अधू बाई स्वतः तिथे पोहोचू शकत नसेल तर तिला घेऊन जा. ऑफिसच्या पायऱ्यांवर ती अडली, तर तेही त्याच सभेत ग्रामसेवकांना लिहून घ्यायला सांगा.