पळसाला पानें किती?



यवतमाळ जिल्ह्यांतील लोहाऱ्याच्या एका मातेनें गेल्या कार्तिकांत मला असा प्रश्न केला : "बाई, मुलगा चार महिने बालवाडींत जातो आहे, पण पाटीवर अजून एक अक्षर उमटलें नाहीं. कपडे मात्र रोज मातीनें भरून येतात. तेथें तो शिकतो तरी काय?"

प्रश्नांत राग नव्हता, काळजी होती. शेजारचा त्याच्याच वयाचा मुलगा शंभरापर्यंत अंक घडाघडा म्हणतो, हें तिनें ऐकलें होतें. आपलें मूल मागें पडेल ही भीति कोणत्याहि आईस लहान नसते. तिला हसून उत्तर देणें बरें नव्हे. म्हणून दुसऱ्या दिवशींच्या फेरींत आमच्याबरोबर यावें, एवढेंच मीं तिला सुचविलें.

शेताच्या बांधावर पळस होता. 'पळसाला पानें तीनच' ही म्हण आपण मोठीं माणसें कंटाळ्यानें उच्चारतों. तिच्या मुलानें मात्र ती खरी कीं खोटी हें पाहण्यासाठीं डहाळी वांकवून पानें मोजलीं. एका देठावर दोनच निघालीं. तो गोंधळला, देठ डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळूं लागला, आणि गळून गेलेल्या तिसऱ्या पानाची खूण त्याला सांपडली. शंभरापर्यंत म्हणणें ही जिभेची तयारी. तिनांतून एक गेलें हें आपण होऊन ओळखणें ही बुद्धीची. पुढें मुलें वेंचलेल्या कापसांतून सरकी काढीत बसलीं. त्या कामानें चिमटीला जें वळण लागतें, तेंच उद्यां लेखणी धरतांना उपयोगीं पडतें.

हा विचार नवा नाहीं. जर्मनींत फ्रेबेलनें १८४० सालीं आपल्या शाळेला मुलांची बाग या अर्थाचें नांव दिलें. रोममध्यें माँटेसरीबाईंनीं १९०७ सालीं बालगृह उघडलें, आणि १९२० सालीं गिजुभाई बधेका यांनीं भावनगरास बालमंदिर सुरू केलें. तेथें त्यांच्या सहकारी झालेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील बालशिक्षणाचा प्रयोग मांडला. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागडीं साधनें खेड्यास परवडणारीं नव्हतीं. त्यांची जागा शिंपले, खडे, पानें व बिया यांनीं घेतली. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच वस्तीच्या अंगणांत गेली. पुढें कोसबाडास गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं ती कुरणावरहि गेली. १९७५ पासूनच्या सरकारी योजनेंत 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोंचला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानेंहि तीन ते आठ वर्षांच्या पायाभूत टप्प्यांत खेळाला व शोधाला स्थान दिलें.

मात्र मुलांना मोकळें सोडणें म्हणजे वाऱ्यावर सोडणें नव्हे. निघतांना व परततांना डोकीं मोजावीं. दगड उलटण्यापूर्वीं विंचू नाहीं ना, हें शिक्षिकेनें स्वतः पाहावें. चैत्र-वैशाखांत ऊन चढण्याआधीं परतावें. पाणी बरोबर असावें. सर्वांत कठीण नियम हा कीं, मूल शोधीत असतां आपण उत्तर सांगूं नये.

त्या मातेची काळजी एका फेरीनें संपली, असें मी म्हणत नाहीं. अक्षरें केव्हां येतील, हें तिनें परततांनाहि विचारलें, आणि तें विचारण्याचा तिला अधिकार आहे. परंतु पुढें एके दिवशीं ती सांगूं लागली कीं, धुण्यापूर्वीं सदऱ्याच्या खिशांतून निघणाऱ्या बिया व खडे ती आतां फेंकीत नाहीं. त्यांसाठीं तिनें एक रिकामा डबा ठेवला आहे, आणि संध्याकाळीं मुलगा ते लहानमोठे निवडून ओळीनें मांडतो.

आपल्या शहरांतील घरांतहि असा एक डबा ठेवावयास अडचण पडूं नये. पाटी थोडी उशिरां भरली तरी चालेल; डबा रिकामा राहूं नये.