शरदातलं वेंगुर्लं



कोकणात जायचं म्हटलं की बहुतेकांना मे महिना आठवतो. आंबे, फणस आणि मुलांची सुट्टी. अलीकडे भर पावसातही लोक घाट उतरून येऊ लागले आहेत. पण कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचा जो महिना आहे, तो मात्र बहुतेक प्रवाशांच्या हातून निसटतो. त्या महिन्याबद्दल आज बोलायचं आहे, आणि ठिकाण आहे सिंधुदुर्ग जिल्ह्यातला, गोव्याला टेकलेला वेंगुर्ले तालुका. या दिवसांत इथल्या एखाद्या कौलारू घरात चार दिवस राहावं, असं माझं मनापासून सांगणं आहे. कारण शरदात कोकण कामाला लागलेलं असतं, आणि कामात असलेल्या घरी गेल्याशिवाय ते घर खरं कळत नाही.

चार महिन्यांत इथे सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडून गेलेला असतो. विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात, व्हाळ खळखळत असतात, जांभ्याच्या सड्यांवरचं गवत पिवळं पडू लागलेलं असतं. दुपारी ऊन चटकतं, हेही सांगायला हवं. सुरुवातीच्या दिवसांत परतीचा पाऊस एखाद्या संध्याकाळी गडगडाट करून जातो. पण पहाटे दव पडतं, जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, आणि सूर्य वर येईपर्यंत हवेत गारवा टिकतो.

आता घराकडे येऊ. घर चिऱ्यांचं, वर मंगळुरी कौलं, पुढे पडवी आणि पडवीपुढे खळं, म्हणजे अंगण. पावसाने खळ्याची सगळी माती वाहून नेलेली असते. म्हणून पाऊस थांबला की घरातली माणसं तांबडी माती आणून पसरतात, पाणी मारतात, चोपण्याने चोपून ती घट्ट करतात आणि वर शेणाचा सडा-सारवण होतं. मग पोफळीचे खांब उभे राहतात आणि वर विणलेल्या झापांचा माटव, म्हणजे मांडव, चढतो. पावसाच्या माऱ्यापासून भिंती राखायला बांधलेले आडोसे उतरवले जातात आणि चार महिने अंधारलेल्या खोल्यांत ऊन शिरतं. पुढचे सात-आठ महिने भात वाळवणं, सुपाऱ्या सोलणं, लग्नकार्य आणि रात्रीच्या गप्पा, सारं याच खळ्यात होणार असतं. तुम्ही पाहुणे म्हणून आलात तर तुमची चटईही तिथेच पडेल.

शेतात त्या वेळी भातकापणी चाललेली असते. हळवं भात आधी तयार होतं, गरवं मागाहून, त्यामुळे एकाच मळ्यात एका बाजूला रिकामे कोपरे आणि दुसऱ्या बाजूला सोनेरी लोंब्या दिसतात. सकाळी दव ओसरलं की विळे चालू लागतात, कापलेलं भात पसरून वाळवतात, मग भारे डोक्यावरून खळ्यात येतात आणि झोडणी सुरू होते. कोकणात कोजागिरीला नवान्न पौर्णिमा म्हणतात, ती याच पिकामुळे. नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांबरोबर दाराला बांधल्या जातात. दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटेची आंघोळ झाली की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कडू कारीट फोडतात, आणि मग नव्या भाताच्या पोह्यांचे नाना प्रकार पुढे येतात: गूळपोहे, दूधपोहे, ताकातले पोहे, फोडणीचे पोहे. या दिवशी शेजारीपाजारी एकमेकांकडे पोहे खायला जातात, आणि घरात पाहुणा असेल तर त्यालाही बरोबर नेतात.

समुद्रावरचं कामही याच दिवसांत जोर धरतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण होतो, पण लाटांचा जोर खऱ्या अर्थाने उतरतो तो पाऊस गेल्यावर. मग किनाऱ्यावर रापण लागते. होडी लांबलचक जाळं घेऊन अर्धवर्तुळात फिरून येते आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरची माणसं मिळून ओढतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. तुम्ही दोराला हात लावलात तर कुणी नको म्हणणार नाही. बांगडा, तारली, पेडवे यांचा हा मोसम. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी हे इथलं दुपारचं जेवण. मासे न खाणाऱ्यांसाठी घावणे, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं आहे.

घराच्या कामात रमल्यावर उरलेल्या वेळात तालुका फिरावा. वेंगुर्ले शहरात सतराव्या शतकातल्या डच वखारीचे अवशेष आहेत; तेव्हाही हे बंदर परदेशी व्यापाऱ्यांना ठाऊक होतं. १९५७ साली सुरू झालेलं इथलं फळ संशोधन केंद्र काजूच्या 'वेंगुर्ला' नावाच्या जातींसाठी देशभर ओळखलं जातं. उत्तरेकडे निवतीचा किल्ला चढून गेलात की खाली किनारा आणि दूर समुद्रात खडकांवरचं दीपगृह दिसतं. पलीकडे भोगव्याला कर्ली नदी समुद्राला मिळते.

दक्षिणेकडे आरवली आणि शिरोडं ही जोडगावं. आरवलीचा ग्रामदेव वेतोबा रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो आणि त्यात त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिक्षक होते. या गावातलं दारिद्र्य आणि माणुसकी त्यांच्या लेखनात उतरली. इथल्याच मिठागरांवर मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. पावसात बुडालेले वाफे शरदात उघडे पडू लागतात आणि बांधांची दुरुस्ती सुरू होते. मीठ तयार व्हायला अजून अवकाश असतो, पण त्यामागचे कष्ट या दिवसांतही दिसतात.

या ऋतूचं शेवटचं आणि माझ्या मते सर्वांत मोठं देणं म्हणजे दशावतार. कार्तिकात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. पालखी फिरून झाली की मध्यरात्रीच्या सुमारास देवळासमोर दशावतारी नाटक उभं राहतं. रंगमंचावर सामान म्हणाल तर एक बाकडं. हार्मोनियम, मृदंग आणि झांज यांच्या साथीने आधी गणपती, सरस्वती, संकासुर येतात, मग पुराणातलं आख्यान रंगतं. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करतात. लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली असते आणि संवाद नट तिथल्या तिथे रचतो. दिवसा शेतात राबणारा माणूस रात्री मुकुट चढवून राजाच्या भाषेत बोलतो, तेव्हा आपली लोककला कशावर उभी आहे ते समजतं. पहाटे दहीकाला होऊन खेळ संपतो. शेवटपर्यंत बसा.

इथे येणं सोपं आहे. कोकण रेल्वेचं कुडाळ किंवा सावंतवाडी रोड स्थानक गाठायचं आणि पुढे एसटी पकडायची. निवास-न्याहारी योजनेतली घरं अनेक किनारी गावांत सापडतात. मोठ्या हॉटेलापेक्षा अशा घरात उतरा, कारण तुमचे पैसे त्याच गावात राहतील. निघण्यापूर्वी घरमालकांना फोन करून कापणी कधी आहे, जत्रा कोणत्या गावात आहे, हे विचारून तारखा ठरवा.

आणि काही विनंत्या. उभ्या भातातून वाट काढू नका, बांधावरून चाला. पोहण्याआधी गावकऱ्यांना विचारा. वरून शांत दिसणाऱ्या पाण्यातही ओढ असते. वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येऊ लागतात, म्हणून रात्री तिथे झगझगीत दिवे आणि मोठ्या आवाजातली गाणी नकोत. आपला प्लास्टिकचा कचरा आपल्याबरोबर परत न्या.

श्रोतेहो, पर्यटकाच्या सोयीसाठी मांडलेलं कोकण वर्षभर पाहता येईल. स्वतःच्या पोटासाठी आणि आनंदासाठी राबणारं कोकण पाहायचं असेल, तर यंदा दिवाळीची रजा दोन दिवस वाढवून घ्या आणि वेंगुर्ल्याच्या एखाद्या घरी मुक्कामाला या.