दवाखाना कोणाचा, हिशेब कोणापुढे?

(शाखा-चिटणीसांच्या अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर कंत्राटी सफाई कामगारांच्या दवाखान्याचा विषय आहे. एका धर्मादाय संस्थेने डॉक्टर व औषधे देण्याची तयारी दाखवली आहे. जागा आणि माणसे युनियनने द्यायची. आपल्याला, म्हणजे कायम कामगारांना, रेल्वेचे इस्पितळ आहे. डबे धुणाऱ्या, फलाट झाडणाऱ्या कंत्राटी कामगाराला ते नाही. ठेकेदाराने ईएसआयचे कार्ड वेळेवर काढून दिले तर ठीक. नाहीतर आजारपण म्हणजे खाडा आणि वर खासगी डॉक्टरची फी. तेव्हा दवाखाना हवा की नको, हा वादच नाही. तो कोण चालवणार, हा प्रश्न आहे. संस्थेच्या मसुद्यात सात जणांची समिती आहे. सहा त्यांचे, एक आपला. ज्यांच्यासाठी दवाखाना, त्यांच्यापैकी एकही नाही!

संस्थेच्या हेतूविषयी आम्हाला शंका नाही. पण ट्रस्ट आणि युनियन यांची घडणच वेगळी आहे. ट्रस्टचे विश्वस्त नेमलेले असतात. लाभार्थी त्यांना मत देऊन बदलू शकत नाहीत. युनियनचे पदाधिकारी निवडून येतात आणि सभासद त्यांना सर्वसाधारण सभेत उभे करून जाब विचारतो. उलट, वेळेवर लेखापरीक्षण, इतिवृत्त, खरेदीचे लेखी नियम ही शिस्त चांगल्या संस्थांकडून युनियनने घेण्यासारखी आहे. त्यांनी शिस्त द्यावी, आपण लोकशाही द्यावी. दोघांचाही कारभार सुधारेल. भागीदारी म्हणतात ती याला.

हे घडू शकते याचा दाखला छत्तीसगढमध्ये आहे. दल्ली-राजहराचे लोहखनिज रेल्वेच्याच वॅगनींतून भिलाईला जाते, म्हणून त्या गावाचे नाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तेथील कंत्राटी खाणकामगारांनी १९७७ साली छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ ही स्वतःची युनियन काढली. शंकर गुहा नियोगी तिचे नेते. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या गोळीबारात ११ जण मारले गेले. पुढे युनियनच्या उपाध्यक्षा कुसुमबाई बाळंतपणात उपचाराअभावी दगावल्या, तेव्हा कामगारांनी स्वतःचे इस्पितळ बांधायचे ठरवले. डॉ. बिनायक सेन, डॉ. शैबाल जाना यांच्यासारखे डॉक्टर बाहेरून आले. १९८२ साली छोटा दवाखाना निघाला आणि ३ जून १९८३ रोजी शहीद हॉस्पिटल सुरू झाले. पैसा कामगारांचा, श्रमदानही कामगारांचे.

आपण पाहायचे ते इमारतीच्या पलीकडचे. खाणकामगारांतूनच आरोग्य कार्यकर्ते तयार झाले. डॉक्टरांनी विद्या दिली, पण इस्पितळ कसे चालावे याची चर्चा डॉक्टर आणि कार्यकर्ते एकत्र बसून करीत. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींचा भिलाईत खून झाला. इस्पितळ बंद पडले नाही. एकाच माणसाच्या खांद्यावर ते उभे असते, तर त्याच दिवशी त्याला कुलूप लागले असते.

दुसरा दाखला अहमदाबादचा. मजूर महाजनच्या महिला विभागातून इला भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ युनियन म्हणून नोंदवली. मालकच नाही तर युनियन कसली, असा आक्षेप आला. सदस्यांची एकजूट हाच युनियनचा पाया, असे त्यांनी पटवून दिले. १९७४ साली ४,००० स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपयांचा भाग घेऊन बँक काढली. सही न येणाऱ्या बाईची ओळख पासबुकावरच्या फोटोने पटे. संचालक मंडळावर कष्टकरी बायका निवडून येऊन बसल्या. १९८१ साली मजूर महाजनचा आधार सुटला, तरी सेवा उभी राहिली. कारण बैठक चालवणे, हिशेब वाचणे, प्रश्न विचारणे हे सभासद बायका शिकल्या होत्या.

म्हणून युनियनच्या वतीने आम्ही पुढील अटी मांडत आहोत :

१. समितीत निम्म्या जागा कंत्राटी कामगारांच्या, त्यात स्त्रिया असल्याच पाहिजेत. त्यांची निवड त्यांच्याच सभेत होईल. चिटणीसाने नावे सुचवायची नाहीत.

२. बँकेत स्वतंत्र खाते, दोन सह्या. दरमहा जमाखर्च फलकावर लागेल आणि द्वारसभेत मोठ्याने वाचला जाईल, कारण सर्वांनाच वाचता येत नाही.

३. दोन वर्षांत कामगारांमधून प्रथमोपचार, औषधांचा साठा आणि नोंदवही सांभाळणारी माणसे तयार करायची. हे काम संस्थेने करारात लिहून द्यावे.

४. ईएसआयची मागणी चालूच राहील. दवाखाना झाला म्हणून ठेकेदाराची सुटका होणार नाही.

काही शाखांचे म्हणणे आहे की, इतक्या अटी घातल्या तर संस्था निघून जाईल. जाऊ शकते, धोका आहे. पण सहा विरुद्ध एक अशा समितीत आपण सही केली, तर उद्या औषधे संपल्यावर कामगार आपल्याच दारात येईल आणि आपल्या हाती उत्तर नसेल. चांगल्या संस्थेला विचारणारा सभासद नकोसा होत नाही. त्याच्यामुळे तिचेही काम टिकते.

आपापल्या शाखेत हा मसुदा वाचून दाखवा. सभेला कंत्राटी कामगारांना बोलवा, त्यांना आधी बोलू द्या आणि ठराव लेखी पाठवा. पुढील कार्यकारिणीत त्याच ठरावांवर निर्णय होईल.

कामगार एकजुटीचा विजय असो!